चालत्या गाडीतला फ्रीज

वाळूजच्या एका कारखान्याची शिफ्टची बस मी रिटायर होईपर्यंत चालवली. त्या नोकरीनं मला एकच गोष्ट हाडीमाशी खिळवून शिकवली, गाडी उभी राहिली की इंजिन बंद. सिग्नल लागला, बंद. माणसं चढायला वेळ लावतायत, बंद. उतार लागला की न्यूट्रल टाकून बंद. डिझेल म्हणजे मालकाचं रक्त आहे, असं आमचा सुपरवायझर म्हणायचा आणि आम्ही ते रक्त थेंबाथेंबानं वाचवायचो. मालकाला त्याचा पत्ता नव्हता, ही गोष्ट निराळी. बायको अजून म्हणते, हा माणूस झोपेत कूस बदलतानासुद्धा आधी किल्ली फिरवतो. म्हणू दे. सवय म्हणजे सवय.

माझी थोरली बहीण, अक्का, पाचोडला राहायची. आई गेली तेव्हा मी रांगत होतो, त्यामुळे माझी आई म्हणजे अक्काच. तिला गावातच दिली होती, म्हणून तिचं लग्न झाल्यावरही मी तिच्याच चुलीपाशी वाढलो आणि तिचाच मार खाल्ला. पुढं मी नोकरीसाठी शहरात आलो आणि छावणीजवळ घर केलं. भावजी गेले, मुलगा मोसंबीची बाग बघू लागला, आणि अक्का ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करू लागली. रविवारच्या बाजाराला आलेला माणूस तिच्या हातचं पाणी न पिता पुढं गेला, असं क्वचित व्हायचं.

तिची एक मैत्रीण होती. भिंतीला भिंत लागून घरं. दोघी एकाच शाळेत जायच्या. निजामाच्या काळात शाळा उर्दूत होती, तेव्हा मैत्रीण अक्काला अलिफ बे गिरवायला लावायची. पोलीस ॲक्शन झाली, शाळेत मराठी आली, मग अक्का तिला ग म भ न शिकवायला बसली. त्या वयात इतकं एकमेकींचं देणंघेणं झालं की आयुष्यभर पुरावं. पण मैत्रिणीचं लग्न बीदरला झालं. सुरुवातीला माहेरी यायची, तेव्हा दोघी रात्र रात्र बोलत बसायच्या म्हणे. तिचे आईबाप गेले, भाऊ हैदराबादेत स्थायिक झाला, घर विकलं गेलं आणि तिचं पाचोडला येणं संपलं. उरला तो फोन. मी तिला आपा म्हणतो, ती मला अजून छोटे म्हणते. हा छोटे नातवंडांना शाळेत सोडायला जातो, हे तिला सांगून उपयोग नव्हता.

अक्काला शुगर लागली, आधी गोळ्या, मग इन्सुलिन. डॉक्टरनं बजावलं होतं की बाटली गारव्यात ठेवा, उन्हात तापली तर औषधाचं पाणी होईल. अक्काकडं फ्रीज होता, पण पाचोडला लाइट कधी येते आणि कधी जाते हे लाइटवाल्यांनाही ठाऊक नसावं. मग तिनं आपला मार्ग काढला. ओसरीच्या कोपऱ्यात ओल्या वाळूवर एक छोटा माठ ठेवला आणि प्लास्टिकच्या डबीत बाटली घालून ती डबी माठात सोडली. घरी ते चाललं. पण माठ काही गाडीत नेता येत नाही, हिंदकळून फुटतो. आणि एकदा थर्मासात बर्फ घालून नेऊन बघितलं, तर बर्फाचं पाणी झालं आणि बाटली त्यात पोहत होती. तेव्हापासून अक्काचा प्रवास शहरापर्यंत, तोही सकाळी येऊन संध्याकाळी परत.

आणखी एक गोष्ट. आपल्याला सुई घ्यावी लागते, हे ती घराबाहेर कुणालाही सांगायची नाही. "सांगितलं की माणसं ताटात आधी कीव वाढत्यात," असं म्हणायची. मैत्रिणीला तर मुळीच सांगितलं नव्हतं. आपा फोनवर म्हणायची, ये गे एकदा. अक्का म्हणायची, गुडघे धरलेत, मोसंबी तोडायला आलीय, नातीची परीक्षा आहे. मग अक्का म्हणायची, तूच ये की. आपा म्हणायची, घराचं काम काढलंय, सुनेला बरं नाही, पुढच्या महिन्यात बघती. असं कैक वर्षं चाललं. हळूहळू फोन आखूड होत गेले.

एकदा मी बाजाराच्या दिवशी गेलो, तर अक्का नुकतीच फोन ठेवून बसली होती. मी विचारलं, काय म्हणते आपा? अक्का म्हणाली, "ती काय म्हनंल? तिचं मन उडालं माझ्यावरून. मोठ्या घरची झाली ती." मग बराच वेळ पदराशी चाळा करत बसली आणि म्हणाली, "एकडाव तोंडावर इचारायचं हाय तिला. का गं, इसरलीस का मला? मंग डोळे मिटले तरी चालंल."

मला तो प्रश्न फार लागला. अक्कानं माझ्याजवळ कधी काही मागितलं नव्हतं, आणि हेही ती मागत नव्हतीच.

आता फ्रीजचं. वेरूळ बघायला आलेलं एक परदेशी जोडपं होतं, सगळा संसार गाडीत घेऊन देशोदेशी हिंडणारं. त्यांची गाडी आमच्या छावणीच्या बाजारात माझ्या बॅटरीवाल्या मित्राच्या दुकानासमोर येऊन पडली. मी रिकामटेकडा, बघायला गेलो. गाडीत पलंग, शेगडी, कपाट आणि सीटखाली ट्रंकेएवढा एक फ्रीज! वरून झाकण उघडायचं, आणि आत दूध, लोणी, टोमॅटो. बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत टोमॅटोवर दव. मी हातवारे करून त्या बाईला विचारलं, लाइट कुठून? तिनं इंजिनाकडं बोट दाखवलं आणि मग हाताचं चाक करून गरगर फिरवलं. गाडी धावली की लाइट.

त्या क्षणी माझ्या डोक्यात अक्काची डबी चमकली. त्या जोडप्याला गाडी मुंबईहून बोटीत घालायची होती, सामान कमी करायचंच होतं. फ्रीज माझ्याकडं आला. माझी जुनी व्हॅन आणि तो फ्रीज शेजारी शेजारी ठेवले, तर नाकापेक्षा मोती जड. पण मी कुणाचं ऐकतो?

पहिल्या दिवशी मीच शहाणपणा केला. फ्रीजची वायर सरळ गाडीच्या बॅटरीला जोडली आणि खुशाल झोपलो. सकाळी फ्रीज बंद, आणि गाडीही बंद. किल्ली फिरवली तर नुसतं टक टक. गल्लीतल्या लोकांनी ढकलून गाडी मित्राच्या दुकानापर्यंत नेली, आणि वाटेत प्रत्येकानं सल्ला दिला तो वेगळाच.

मित्रानं कपाळाला हात लावला. म्हणाला, "क्या भाई, पूरी उम्र गाडी चलाए तुम, और घोडे का चारा बकरी को खिलाए?" मग त्यानं मला समजावलं. समोरची बॅटरी गाडी चालू करायला, ती म्हणजे बियाण्याचं पोतं. घरात कितीही भूक लागली तरी त्यातलं खायचं नाही. फ्रीजसाठी मागं दुसरी बॅटरी ठेवायची. इंजिन चालू असलं की दोन्ही भरायच्या, बंद झालं की मधला रिले नावाचा खटका दोघींना तोडणार, म्हणजे फ्रीजनं खायचं ते मागचीचंच. पुढून मागपर्यंत चांगली जाड तार ओढली, कारण बारीक तारेतून वाटेतच वीज गळते आणि मागची बॅटरी अर्धपोटी राहते. सगळं करून त्यानं फ्रीजवर थाप मारली. "देखो भाई, ये गाडी दौडी तो भरता, रुकी तो खाता. रुकना कम, दौडना ज्यादा." मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

मी पाचोडला गाडी नेऊन अक्काला फ्रीज दाखवला. ती बराच वेळ झाकण उघडून आत हात घालून बसली. तिथं हिरवा दिवा होता, चालू असल्याची खूण. तिनं त्याला बोट लावून बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी मी जाऊ शकती?" मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "मंग आता काय कारण सांगू?" आणि हसली. पण मला वाटतं ती घाबरली होती. न जाण्याला कारण असलं म्हणजे बरं असतं, कुणी विसरलंय की नाही ते बघावं लागत नाही.

निघायच्या दिवशी तिनं पहाटे उठून पुरणपोळ्या केल्या. आपाला लहानपणी पुरणपोळी फार आवडायची. मोसंबीचं पोतं टाकलं. इन्सुलिनच्या बाटल्या फ्रीजमध्ये नीट उभ्या केल्या. आणि मला दम भरला, "तिच्याम्होरं सुईचं नाव काढायचं नाय. ती हौसंनं गोडधोड करून ठिवील अन् माझं कळलं की तिचंच तोंड उतरंल."

गाडी निघाली. पाचोडहून बीदर म्हणजे सकाळी निघून संध्याकाळपर्यंत पोचायचं काम. माझ्या हिशेबानं. पण आपल्याकडं रस्त्यावर गाव लागलं आणि गावात नात्याचं माणूस असलं, तर दारावरून तसंच जाता येत नाही. गेलात तर पुढच्या लग्नात ऐकावं लागतं. गेवराईला नणंद, बीडला मावसबहीण, केजला जावेचं माहेर. प्रत्येक ठिकाणी बसा, टेका, चहा घ्या, जेवूनच जा. प्रत्येक ठिकाणी गाडी उन्हात उभी, आणि मी सवयीनं इंजिन बंद केलेलं. फ्रीज बिचारा मागच्या बॅटरीवर घरघरत होता.

वर अक्काला नवीनच हुरूप आला होता. नणंदेला म्हणाली, "माझ्या भावानं गाडीत फिरिज बशिवलाय. इज कुठनं येती माहीत हाय का? चाकातनं!" झालं. सगळं घर गाडीभोवती जमलं. अक्कानं झाकण उघडलं, थंड पाण्याची बाटली काढली, पेल्यापेल्यानं सगळ्यांना वाटली. मुलं दुसऱ्यांदा रांगेत आली. मग रिकाम्या बाटल्या नळाच्या गरम पाण्यानं भरून तिनं पुन्हा आत ठेवल्या, पुढच्या गावच्या लोकांसाठी. मी म्हणालो, अक्का, सारखं उघडू नको. ती म्हणाली, व्हय व्हय. आणि बीडला पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

रात्रीला अंबाजोगाईला भाचीकडं मुक्काम पडला. भाचीच्या घरात मोठा फ्रीज होता. मी अक्काला खुणावलं, तर तिनं डोळे वटारले. सुईचं कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तेव्हा औषधाच्या बाटल्या गाडीतच राहिल्या.

सकाळी झाकण उघडलं तर हिरवा दिवा विझलेला. मागची बॅटरी संपली होती. आत अजून थोडा गारवा होता, पण बाहेर ऊन चढायला लागलं होतं आणि बीदर अजून लांब होतं. गाडी मात्र पहिल्या किल्लीला सुरू झाली. बियाण्याचं पोतं शाबूत होतं.

भाचीला टाटा करून गाव मागं पडलं आणि माझं डोकं फिरलं. मी अक्काला वाट्टेल ते बोललो. तुला पाणपोई घालायची होती तर गावात घालायची. औषधासाठी फ्रीज आणलाय का सबंध बीड जिल्ह्याला पाणी पाजायला? आता ते औषध खराब झालं तर काय करशील? बोलत गेलो. बोलायला लागलो की मला थांबता येत नाही, गाडी तेवढी थांबवता येते.

अक्का खिडकीतून बाहेर बघत सगळं ऐकत होती. मग शांतपणे म्हणाली, "अन् उतारावर गाडी बंद कोन करत हुतं?"

मी समोरचा रस्ता बघू लागलो.

"मला वाटलं तुझ्या गाडीत काय तरी बिघाड हाय," ती म्हणाली. "दर उताराला बंद पडती म्हून. मी देवाचं नाव घेत बसली हुती." थोड्या वेळानं म्हणाली, "पानी काय त्या लोकांनी कधी पेलं नव्हतं व्हय? मला सांगायचं हुतं, माझ्या भावानं माझ्यासाठी केलंय म्हून."

डोळे चुरचुरायला लागले. मी उगीच आरसा नीट करत राहिलो.

तिथून पुढं मी गाडी अशी चालवली, जशी उभ्या जन्मात चालवली नव्हती. उतारावरही इंजिन चालू, कारण मागची बॅटरी थोडी भरल्याशिवाय फ्रीज सुरू होणार नव्हता. आतला गारवा ओसरला तशा अक्कानं औषधाच्या बाटल्या बाहेर काढल्या, नॅपकिन ओला केला, त्यात गुंडाळून खिडकीच्या वाऱ्याला धरून बसली. नॅपकिन वाळला की पुन्हा ओला. हात भरून आला की हात बदलायची. लातूरला ट्रॅफिकमध्ये अडकलो, पुढं ट्रक, मागं ट्रॅक्टर, आणि मी इंजिन चालू ठेवून बसलो. शेगडीवर दूध उतू जातंय आणि आपण नुसतं बघतोय, असं वाटत होतं. उदगीरला मला चहाशिवाय राहवेना, तर मी गाडी चालू ठेवूनच टपरीवर उभा राहिलो. टपरीवाला म्हणाला, "काका, गाडी चालूच ऱ्हायली." मी म्हणालो, राहू दे. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू म्हणतोय, पैसेवाला दिसतोय.

उदगीर सुटल्यावर मागं घरघर सुरू झाली. अक्का झाकण उघडून ओरडली, "दिवा लागला!" तिनं बाटल्या नॅपकिनसकट आत ठेवल्या आणि झाकणावर हात दाबून बसली. बीदरपर्यंत तिनं झाकण उघडलं नाही. पण औषध चांगलं राहिलंय की त्याचं पाणी झालंय, हे दिवा लागून थोडंच कळतं?

बीदरला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आपाचं घर जुन्या गावात, गल्ली इतकी अरुंद की गाडी लांबच लावावी लागली. दारात आपा उभी होती. केस पांढरेशुभ्र, एका हाताला काठी. दोघी समोरासमोर येऊन एकमेकींना नुसत्या न्याहाळत राहिल्या. मला भीती वाटली. मग आपा म्हणाली, "मोटी हुई गे तू." अक्का म्हणाली, "अन् तू किती वाळलीस गं." तेवढंच. दोघी आत गेल्या. दिवाणावर बसल्या त्या पाहुण्यांसारख्या, मध्ये हातभर अंतर ठेवून. मुलाबाळांची चौकशी, पावसापाण्याची चौकशी. जो प्रश्न विचारायला अक्का एवढी आली होती, तो काही तिच्या तोंडून निघेना.

गाडी उभी होती आणि मागची बॅटरी जेमतेम भरलेली. मी मोसंबी आणायचं निमित्त करून गेलो, बाटल्या रुमालात बांधल्या आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरलो. आपाची सून तिथं होती. मी हळूच म्हणालो, "बेटा, ये एक दवाई है. फ्रीज में रखना. आपाकू मत बोलना, अक्का ने मना किया है."

तिनं रुमाल सोडला. बाटलीवरचं लेबल बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. मग तिनं फ्रीज उघडला आणि भाज्यांच्या मागं दडवलेला एक स्टीलचा डबा काढून माझ्यासमोर धरला. आत त्याच बाटल्या. तेच लेबल, त्याच रंगाचा पट्टा, शेजारी सुयांचं पाकीट.

"ये अम्मी के हैं, मामू," ती कुजबुजली. "बहुत साल हुए. अम्मी बोले, मेहमान आ रई, उसकू नक्को दिखाओ. इसके वास्ते तो अम्मी कहीं जाते नईं. लाइट का भरोसा नईं बोलते."

मी तिथल्याच पाटावर बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोघी इतकी वर्षं एकाच दुखण्यानं घरात अडकून पडलेल्या, एकीनं गुडघे पुढं केलेले आणि दुसरीनं घराचं बांधकाम. आणि मी वेरूळच्या पाहुण्यांकडून फ्रीज आणतोय, तारा ओढतोय, बहिणीला शिव्या घालतोय. ते औषध इथं, या घरात, कायम थंड होतं. सून तोंडावर ओढणी धरून हसत होती आणि तिचे डोळे भरलेले होते. ती म्हणाली, "आपका वाला गरम हुआ तो फेंक देंगे. अम्मी की नई शीशी है."

मी म्हणालो, आता सांगून टाकू दोघींना. ती म्हणाली, "हम काईकू बोलना? खाने का वक्त हुआ. देखो अब."

तिचं बरोबर होतं. जेवणाआधी सुई घ्यावी लागते. बाहेर जेवणाचा दस्तरखान पसरला गेला. आपानं अक्कासाठी खुबानीचा मीठा केला होता, साखरेत न्हालेले जर्दाळू. अक्कानं पुरणपोळ्यांचा डबा उघडून ठेवला. दोघी एकमेकींना आग्रह करत होत्या आणि दोघींच्या कपाळावर आठी. मग आपा म्हणाली, "तू बैठ, मैं अब्बी आई," आणि काठी टेकत आत गेली. अक्कानं मला डोळ्यानं विचारलं, औषध कुठं? मी म्हणालो, आत, फ्रीजमध्ये. "तोंड धुऊन येती," असं हवेलाच सांगून तीही उठली.

सून आणि मी बाहेर बसून राहिलो. आत भांड्याचा आवाजसुद्धा नव्हता. मग अक्काचा आवाज आला, "कवापासून?"

"तेरेकू कबसे?"

"मी आधी इचारलं."

"सात-आठ साल हुए होंगे. तू?"

"तेवडंच की गं."

मग आपाचा चढलेला आवाज आला, "तो मेरेकू बोली काईकू नईं? मैं सोची, इसका दिल उतर गया मेरे से. मैं रोती बैठी इधर!"

"अन् मी? मी काय हसत बसली हुती? मला वाटलं तू इसरली."

"तेरेकू? मैं तेरेकू भूलूँगी?"

मला राहवेना, मी दारात जाऊन उभा राहिलो. दोघी फ्रीजसमोर फरशीवर बसल्या होत्या. आपाचे हात थरथरत होते, म्हणून अक्कानं तिच्या दंडाला सुई दिली आणि वर कापूस धरून ठेवला. मग आपानं अक्काची बाही वर केली. तिला सुई धरता येईना, तेव्हा अक्कानं तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघींनी मिळून ती टोचली. दोघी रडत होत्या आणि एकमेकींना रागावत होत्या. फ्रीजचं दार सताड उघडं होतं, गार हवा सगळी फरशीवर सांडत होती. दोन दिवस झाकणावरून मी अक्काशी भांडलो होतो. आता मी काही बोललो नाही.

जेवताना एका पुरणपोळीचे दोन अर्धे झाले, खुबानी एकेकच. बाकीचं सगळं मला संपवायला लावलं. मला शुगर नाही, याचा त्या दोघींना त्या दिवशी फार राग होता.

आम्ही बरेच दिवस राहिलो. निघायच्या सकाळी मी गाडी गल्लीच्या तोंडाशी आणली, तर अक्कासोबत आपाही तयार होऊन उभी. हातात पिशवी, नवी चप्पल. म्हणाली, "मेरा तो उधर अब कोई नईं." अक्का तिच्यावर खेकसली, "तुला म्हायेर नाय म्हून कुणी सांगितलं गं? गप बस गाडीत."

फ्रीजमध्ये दोघींच्या बाटल्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. वाटेत जावेचं माहेर आलं, मावसबहीण आली, नणंद आली. अक्कानं सगळीकडं मैत्रिणीला दाखवलं, सगळ्यांना थंड पाणी पाजलं, आणि गेवराईला नणंदेनं पेढा पुढं केला तेव्हा सरळ म्हणाली, "नाय गं बाई, आमाला दोघींला सुई हाय." प्रत्येक दारात मी गाडी चालू ठेवून बसलो. लोक म्हणायचे, अहो, बंद करा की. मी म्हणायचो, नको.

शहागडच्या अलीकडं रस्ता थोडा उताराला लागला. गोदावरीवरून वारा येत होता, दिवसभर चालवून मी दमलो होतो. हात आपोआप किल्लीकडं गेला.

"बंद नक्को कर!" मागून दोघी एकदमच ओरडल्या.

मी हात मागं घेतला.